चार मिनिटांचा हिशेब : ५० किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीचे एक प्रकरण

साताऱ्यात चढावर धावणाऱ्यांची वानवा नाही. २०१२ साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि यवतेश्वरचा घाट पहाटेपासून धावणाऱ्यांनी गजबजू लागला. अजिंक्यताऱ्यावर रोज जाऊन येणारे तर त्याआधीपासूनच होते. त्यामुळे इथला धावक पायवाटेवरच्या ५० किलोमीटरच्या शर्यतीत नाव घालतो, तेव्हा त्याला चढाची धास्ती नसते. तो घाबरतो अंतराला. प्रत्यक्षात त्याला अडवतो तो उतार, आणि उतारावर पाय का संपले याचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्या चढावर सापडते.

खालचे प्रकरण नमुन्याचे आहे. साताऱ्यात तयारी करून सह्याद्रीतल्या ट्रेलवर उतरणाऱ्यांत जे पुन्हा पुन्हा दिसते, ते एका धावकात आणि एका मार्गात गोळा केले आहे. म्हणून शर्यतीला नाव नाही. धावकाला ‘सर’ म्हणू. वय ४२, माध्यमिक शाळेत शिक्षक, वजन ६६ किलो. घाटातली हाफ १ तास ५२ मिनिटांत पुरी करणारे. आठवड्याला ७० किलोमीटर धाव, आणि ती सगळी डांबरावर. पहिल्या वर्षी त्यांना ४२व्या किलोमीटरला थांबवले गेले, वेळमर्यादा चार मिनिटांनी हुकली म्हणून. दुसऱ्या वर्षी त्याच मार्गावर ते १० तास २ मिनिटांत पोचले. मधल्या वर्षात त्यांचा घाटातला वेग जवळपास होता तिथेच होता.

मार्ग

अंतर ५० किलोमीटर, एकूण चढ २,४०० मीटर, उतारही तेवढाच. डिसेंबरचा मध्य, सुरुवात पहाटे ५ वाजता, मर्यादा १२ तास. ट्रेलवर अंतराचा आकडा एकटा काही सांगत नाही. दर १०० मीटर चढाला एक किलोमीटर जादा धरायची सोपी रीत आहे, तिच्या हिशेबाने हा मार्ग ७४ किलोमीटरचा होतो. दुसरी जुनी रीत नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेली: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे दमदार चालणाऱ्याला इथे १० अधिक ४ असे १४ तास लागतील. मर्यादा १२ तासांची. याचा अर्थ नीट लावला पाहिजे: ही शर्यत पुरी करायला फार जोरात धावावे लागत नाही, पण अखेरपर्यंत धावता येईल असे पाय मात्र शिल्लक असावे लागतात.

मार्गाचे आठ तुकडे पडतात. पहिले ६ किलोमीटर गावरस्ता आणि बैलगाडीची वाट, चढ १२० मीटर. मग साडेचार किलोमीटरमध्ये ६२० मीटर, पहिला किल्ला. तिथून सोंडेने साडेसहा किलोमीटर उतरून खोऱ्यात, ६०० मीटर खाली. १७व्या किलोमीटरला पहिले मदतकेंद्र. पुढे ८ किलोमीटर शेतांच्या बांधावरून, २५ला दुसरे केंद्र. मग ५ किलोमीटरमध्ये ७०० मीटर, दुसरा किल्ला. वर डोंगराच्या धारेने आणि कारवीच्या दाट झुडपांतून आडवी जाणारी ७ किलोमीटरची वाट, ३७ला तिसरे केंद्र. त्यानंतर मार्गाचा खरा कस: ५ किलोमीटरमध्ये ७५० मीटर उतार, अर्धा घसाऱ्याचा, म्हणजे सुट्या घसरत्या मुरमाचा, अर्धा उघड्या कातळाचा. शेवटचे ८ किलोमीटर वरखाली.

३७ला दुपारी १:१५ च्या आत निघावे लागते, ४२ला २:४५ च्या आत पोचावे लागते.

पहिल्या वर्षी काय झाले

सरांच्या वेळा अशा होत्या: आधी तुकड्याला लागलेली मिनिटे, मग पोचल्याची वेळ, कंसात तिथल्या थांब्याची मिनिटे.

सपाट ६ किमी : ३८ मिनिटे, ५:३८
पहिला किल्ला : ५८ मिनिटे, ६:३६
पहिला उतार : ५८ मिनिटे, ७:३४ (थांबा ४)
बांधावरचे ८ किमी : ७२ मिनिटे, ८:५० (थांबा १२)
दुसरा किल्ला : १२८ मिनिटे, ११:१०
धार आणि कारवी : १०५ मिनिटे, १२:५५ (थांबा १८)
मोठा उतार : ९६ मिनिटे, २:४९

थांब्यांची बेरीज ३४ मिनिटे. चार मिनिटे हुकली आणि चौतीस मिनिटे केंद्रांवर बसण्यात गेली, हे कागदावर दिसताच कोणीही थांब्यांनाच दोष देईल. थांबे कमी करायलाच हवेत, पण तिथे थांबून विचार संपवला तर चूक होईल. अठरा मिनिटे बसायची पाळी का आली, हे पाहिले पाहिजे.

चढाचा वेग किलोमीटरला किती मिनिटे यात मोजू नये, तासाला किती मीटर उंची घेतली यात मोजावा. पहिल्या किल्ल्यावर सरांचा वेग तासाला ६४० मीटर होता. दुसऱ्यावर ३२८, म्हणजे निम्मा. पहिल्या चढावर नाडीचे सरासरी ठोके १७१ पडले होते. त्यांची उंबरठा पातळी, म्हणजे जेमतेम तासभर टिकवता येईल असा जोर, १६६ च्या आसपास आहे. हाफ मॅरेथॉनच्या सवयीने ते हाफ मॅरेथॉनच्या जोरात चढले. त्या जोरात स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने जळते आणि पोटाकडे जाणारे रक्त घटते. म्हणून पुढच्या तीन तासांत त्यांना खावेसे वाटले नाही. ते तासाला जेमतेम २५ ग्रॅम कर्बोदकांवर होते. २५व्या किलोमीटरला तहान एकदम जाणवली, एक लिटर साधे पाणी गटागटा प्यायले, ते पोटात डुचमळत राहिले आणि दुसऱ्या किल्ल्याच्या चढावर मळमळ सुरू झाली. तोवर साडेनऊ वाजून गेले होते आणि उघड्या डोंगरावर ऊन तापायला लागले होते.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सातच्या सुमाराला उगवतो. सर ६:३६ ला माथ्यावर पोचले, म्हणजे पहिला उतार त्यांनी धूसर उजेडात सुरू केला. हेडटॉर्चच्या उजेडात दगडाची उंची नीट कळत नाही, सावल्या सपाट होतात. माणूस नकळत मागे झुकतो, टाच आधी टेकवतो आणि प्रत्येक पावलाला ब्रेक मारतो. वीस-पंचवीस मिनिटे मांड्यांनी नुसते ब्रेक मारले. चढावर मिनिटे कमावली, पण धूसर उजेडातल्या उतारावर पाय झिजवून घेतले.

आणि मग ३७ नंतरचा उतार. इथे सरांच्या मांड्यांत गोळे आले. त्यांनी मिठाच्या तीन गोळ्या घेतल्या, फरक पडला नाही. गोळा आला की मीठ कमी पडले असे आपण धरून चालतो. पण दमलेल्या आणि त्या कामाची सवय नसलेल्या स्नायूलाही गोळे येतात, आणि इथे तेच कारण पटते. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो. हे काम चढण्याच्या कामाहून वेगळे आहे, त्याने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. यवतेश्वरचा घाट गाडी चढावी म्हणून आखलेला आहे, त्याचा उतार सौम्य, पाय ठेवायची जागा एकसारखी. शिवाय सर आठवड्यातून दोनदा घाट चढून मित्राच्या गाडीवरून खाली येत होते, गुडघे जपायचे म्हणून. वर्षभराच्या सरावात उतार जवळजवळ नव्हताच. त्यात १५ टक्के सरासरीचा, मध्ये मध्ये ३० टक्क्यांच्या वर जाणारा उतार आठव्या तासानंतर समोर आला. एक तासाच्या जागी ९६ मिनिटे लागली.

दुसऱ्या वर्षाची तयारी

सोळा आठवडे, ऑगस्टच्या अखेरीपासून. किलोमीटर ७० वरून ५५-६० वर आणले, आणि वहीत दोन नवे रकाने घातले: आठवड्याचा चढ आणि आठवड्याचा उतार. आठवड्याला ८०० मीटरपासून सुरुवात, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सगळ्यात मोठा आकडा २,४००. दर चौथा आठवडा हलका. किलोमीटर कमी करायला धावक तयार होत नाहीत, सरही नव्हते. पण पायवाटेवरचा एक तास सहा-सात किलोमीटरचा असतो. तास तेवढेच ठेवले, आठवड्याला साडेसात ते दहा, तर अंतर आपोआप उतरते.

सप्टेंबरात साताऱ्याच्या डोंगरवाटांवर शेवाळ असते आणि पश्चिमेला गेलात तर जळवा. त्या महिन्यात तसल्या ओल्या उतारावर धावायला जाणे म्हणजे घोटा मुरगळून घेणे. ते आठवडे ताकदीचे. वीस सेंटिमीटर उंचीची पायरी, एका पायावर उभे राहून दुसरा पाय तीन मोजेपर्यंत हळू खाली टेकवायचा, प्रत्येक पायाने आठ, असे तीन वेळा, आठवड्यातून दोनदा. गुडघा आत वळता कामा नये. आरशासमोर केले की लगेच दिसते. सोबत गुडघा वाकवून पोटऱ्या उचलण्याचा व्यायाम. पायऱ्यांसाठी सज्जनगडाची परळीकडची वाट, भल्या सकाळी, दर्शनाची गर्दी सुरू व्हायच्या आत. ओल्या पायऱ्या चालतच उतरायच्या.

कासच्या पठारावर सरावाला जाऊ नये. २०१२ पासून ते जागतिक वारशात आहे, पण तेवढ्यासाठी नव्हे. त्या सड्यावर जांभ्या दगडावर मातीचा थर काही बोटांचाच असतो आणि फुलांचे सगळे आयुष्य तेवढ्यात असते. धावायला डांबरी रस्ता आहे, शेजारचे डोंगर आहेत.

उताराचा सराव तिसऱ्या आठवड्यापासून, गुरुवारी, पाऊस उघडला असेल तर. पहिल्या दिवशी फक्त दोन-दोन मिनिटांचे चार उतार, कोरड्या मुरमाच्या वाटेवर. एवढ्यानेही सरांच्या मांड्या तीन दिवस दुखल्या. जिन्यावरून कठड्याला धरून उतरावे लागले. दोन आठवड्यांनी तोच सराव केला तेव्हा दुखणे एका दिवसात गेले. उताराचा एक मोठा फायदा यात आहे: स्नायूला एकदा इजा होऊन तो भरून आला की पुढचे काही आठवडे तसल्याच कामाने त्याला फार कमी इजा होते. म्हणून उतार थोडा पण नियमित घ्यायचा. ऑक्टोबरात पाच-पाच मिनिटांचे सहा, नोव्हेंबरात अजिंक्यताऱ्याच्या पायवाटेने पूर्ण उतार. शेवटचा जोराचा उतार शर्यतीच्या १३ दिवस आधी. त्यानंतर नाही, कारण दुखणे घेऊन सुरुवातीच्या रेषेवर उभे राहायचे नाही. आणि फार आधीही थांबायचे नाही, कारण मिळालेले संरक्षण ओसरत जाते.

उतरण्याची रीतही शिकावी लागते. पावले आखूड आणि जलद. नजर पायाखाली न ठेवता तीन-चार मीटर पुढे. कंबर पायांच्या वर, मागे नाही. कोपरे बाहेर, तोल सावरायला मोकळी. घसाऱ्यावर टाच रोवायची नाही, अख्खे पाऊल टेकवायचे आणि थोडे घसरू द्यायचे. घसरण थोपवायला गेले की पाय निसटतो. डिसेंबरात वाळलेले गवत दगड झाकते आणि मुरूम छर्‍यांसारखा सुटा होतो, त्यामुळे ऑक्टोबरात सोपी वाटलेली वाट शर्यतीच्या दिवशी तशी नसते. जरंडेश्वराच्या दगडी वाटेवर नोव्हेंबरात दोनदा जाऊन आल्यावर सरांना हे पायांत समजले.

चालणेही सरावाचे. हा मुद्दा धावकाच्या गळी उतरवायला सर्वांत कठीण. चढ साधारण १६ अंशांच्या पुढे गेला, म्हणजे शंभर मीटरला २८ मीटर, की त्याच गतीने उंची घेताना धावण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते. पण झपाझप चालणे वेगळे आणि थकून चालणे वेगळे. दर मंगळवारी अजिंक्यताऱ्यावर फेऱ्या: चढ फक्त चालत, हात गुडघ्याच्या वर मांडीवर, पाठ सरळ, पाऊल आखूड, वेग तासाला ५०० मीटर उंची. शहरातून किल्ल्याचा माथा सुमारे २५० मीटर उंच आहे, म्हणजे अर्ध्या तासात वर. शर्यतीत काठ्या चालत असतील तर त्यांचाही सराव इथेच. सपाटीवर धरल्यावर कोपर काटकोनात यावे एवढी लांबी; कातळटप्पा आला की काठ्या घडी करून पाठीवर, हात मोकळे.

ऑक्टोबरच्या उन्हाकडे सरांनी आधी कुरकुरत पाहिले, मग त्याचाच उपयोग केला. दोन आठवडे, दिवसाआड, दुपारी साडेतीन-चारला पाऊण तास अगदी सावकाश धाव. शरीरातला रक्तद्रव वाढतो, घाम लवकर सुटू लागतो. हा फायदा काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून शर्यतीच्या आधीच्या पंधरवड्यात पुन्हा तीन-चार दुपारी. भर बारा-एकला करू नये, आणि चक्कर आली की सावलीत बसून त्या दिवसापुरते सोडून द्यावे.

सगळ्यात लांब सराव शर्यतीच्या साडेतीन आठवडे आधी: सहा तास, अजिंक्यताऱ्याच्या सात फेऱ्या, १,७५० मीटर चढ आणि तेवढाच उतार. दुसऱ्या दिवशी सकाळी दमलेल्या पायांनी सव्वा तास सपाटीवर. ५० किलोमीटर आधी एकदा धावून पाहायचा मोह होतो. त्यातून सावरायला जितके दिवस जातात तितका त्याचा उपयोग होत नाही. शेवटच्या दोन आठवड्यांत सराव आधी ४० टक्क्यांनी, मग ६० टक्क्यांनी कमी.

खाणे-पिणे

ऑक्टोबरात एकदा वजन करून तासभर धाव, मधे ३०० मिलिलिटर पाणी, परत वजन: ९०० ग्रॅम कमी. म्हणजे घाम तासाला १.२ लिटर. तो पुरता भरून काढायचा नसतो. वजन दोन-तीन टक्के उतरले तरी चालते. उलट शर्यतीत वजन वाढले तर तो धोक्याचा इशारा आहे, कारण नुसते पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम पातळ होते. बोटे सुजणे, डोके दुखणे, गोंधळल्यासारखे होणे दिसले की पाणी थांबवून वैद्यकीय मदत घ्यायची. शर्यतीत वेदनाशामक गोळ्याही नकोत, पाणी कमी पडलेल्या शरीरात त्या मूत्रपिंडाला जड जातात.

सरांची योजना: दोन बाटल्या, प्रत्येकी ५०० मिलिलिटर. एकीत ओआरएस, दुसरीत साधे पाणी, आळीपाळीने. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राच्या पाकिटात एका लिटरला सुमारे १,७०० मिलिग्रॅम सोडियम आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज होते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अर्धे पाकीट, जास्त नाही. डिसेंबरच्या हवेत तासाला ५०० ते ६०० मिलिलिटर धरले की सोडियम तासाला साडेचारशे-पाचशे मिलिग्रॅम पडते. ओआरएसमधली साखर इंधन म्हणून पुरत नाही, हे अनेकांना माहीत नसते. इंधन वेगळे खावे लागते: तासाला ५० ते ६० ग्रॅम कर्बोदके. पहिले पाच तास एक केळे (२५ ग्रॅम) आणि चार खजूर (सुमारे २४), नाहीतर राजगिऱ्याच्या वड्या. पुढे चावायचा कंटाळा येतो, तेव्हा जेल आणि साखर-मीठ-लिंबाचे पाणी. केंद्रावर उकडलेला बटाटा मीठ लावून. हे सगळे सहा तासांच्या सरावात खाऊन पाहिले, कारण आतड्यालाही सवय लावावी लागते.

कंदी पेढा नको. साताऱ्याचा माणूस तो खिशात टाकणारच, पण खव्यातली चरबी पोटात रेंगाळते. शर्यत संपल्यावर खुशाल खावा.

वेगाचा कागद

पाकिटाएवढा कागद, प्लास्टिकच्या पिशवीत, डाव्या खांद्याच्या पट्ट्यात. त्यावर किलोमीटरचा वेग कुठेच नाही. प्रत्येक तुकड्यासमोर घड्याळातली वेळ आणि एक सूचना. पहिल्या किल्ल्यासमोर लिहिले होते: ‘७:०० च्या आधी माथा नाही.’ सर आधी याला तयार नव्हते, सुरुवातीला पुढे गेलो नाही तर पायथ्याच्या अरुंद वाटेवर कोंडीत सापडू म्हणून. हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. पण सहा किलोमीटरमध्ये रांग बरीच सुटते, कोंडी झालीच तर तीन-चार मिनिटे जातात, आणि त्या मिनिटांत खजूर खाऊन होतात.

जोर मोजायला पहिल्या दोन चढांवर नाडी, १५५ च्या आत. तीव्र चढावर नाडी एक-दोन मिनिटे मागून येते, म्हणून आकडा वाढायची वाट न पाहता चढ दिसताच चालू लागायचे. पाच तासांनंतर ऊन आणि थकवा यांनी आकडे सरकतात, मग घड्याळ सोडून श्वास ऐकायचा. सरांसाठी त्याची कसोटी सोपी: एकोणतीसचा पाढा मोठ्याने म्हणायचा. दोन दोन ओळी एका श्वासात निघाल्या तर ठीक. प्रत्येक ओळीला धाप लागली तर जोर जास्त. आणि एकोणतीस सक आठवेना झाले तर साखर कमी पडली, आधी खायचे.

बुटाची नाडी

ही बारीक गोष्ट मुद्दाम सांगतो. बहुतेक धावबुटांना घोट्याजवळ एक जास्तीचे छिद्र असते, ते रिकामेच राहते. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि बोटे पुढच्या भिंतीवर आदळतात. पहिल्या वर्षी सरांची दोन नखे त्यातच काळी पडली. नाडी बाहेरून त्या छिद्रात आत घालून बाहेर एक छोटा फास सोडायचा, दोन्ही बाजूंना. मग उजवे टोक डाव्या फासातून, डावे उजव्यातून, आणि खाली बुटाच्या दिशेने ओढायचे, वर नाही. टाच मागे चिकटते. मग गाठ, आणि गाठीचे शेंडे खालच्या नाडीत खोचायचे, कारवीत अडकू नयेत म्हणून. हे घट्ट बांधून चढले तर पायाचा वरचा भाग दुखतो, म्हणून सुरुवातीपासून बांधायचे नाही. जागा ठरलेली: पहिल्या माथ्यावर एकदा, ३७च्या केंद्रावर एकदा. प्रत्येकी मिनिटभर. नखे शर्यतीच्या चार-पाच दिवस आधी कापलेली, बुटाच्या टोकाशी अंगठाभर जागा, तळव्याचे रबरी खिळे चार-पाच मिलिमीटर.

दुसऱ्या वर्षीच्या वेळा

सपाट ६ किमी : ४४ मिनिटे, ५:४४
पहिला किल्ला : ७६ मिनिटे, ७:००
पहिला उतार : ६२ मिनिटे, ८:०२ (थांबा ३)
बांधावरचे ८ किमी : ७२ मिनिटे, ९:१७ (थांबा ५)
दुसरा किल्ला : ९८ मिनिटे, ११:००
धार आणि कारवी : ८८ मिनिटे, १२:२८ (थांबा ६)
मोठा उतार : ६४ मिनिटे, १:३८ (थांबा २)
शेवटचे ८ किमी : ८२ मिनिटे, ३:०२

सतराव्या किलोमीटरला सर गेल्या वर्षीपेक्षा २८ मिनिटे मागे होते. त्या वेळी मन खाते. ओळखीचे लोक पुढे गेलेले असतात, आणि पाय ताजे असल्याने आपण उगाच दबून धावतोय असे वाटते. तिसाव्या किलोमीटरला ते १० मिनिटे पुढे होते, सदतिसाव्याला २७, बेचाळिसाव्याला ७१. चढाचा वेग पहिल्या किल्ल्यावर तासाला ४९०, दुसऱ्यावर ४२९. घसरण आठव्या हिश्श्याची, निम्म्याची नाही. पहिला उतार त्यांनी उगवत्या उन्हात सुरू केला, टॉर्च बंद करून.

३७व्या किलोमीटरच्या केंद्रावर त्यांचा मेहुणा पिशवी घेऊन उभा होता. त्याला क्रम लिहून दिला होता: आधी बाटल्या, मग बटाटा, मग टोपी ओली करणे, शेवटी बूट. सरांनी सवयीने खुर्चीकडे पाहिले. “दाजी, बसायचं न्हाई. पाय हितं दगडावर ठेवा, मी बाटल्या भरतो, तुम्ही नाडी बांधा,” एवढेच तो बोलला. केंद्रावर माणूस कशाने बसतो? पिशवीत वस्तू सापडत नाहीत म्हणून. गेल्या वर्षी मिठाच्या गोळ्या शोधण्यातच चार मिनिटे गेली होती. या वेळी तीन रंगांच्या तीन पिशव्या होत्या, एकेका केंद्राची एकेक.

अजूनही चुकले ते

धारेवरच्या टप्प्यात कारवीतून बाहेर पडताना एक खूण हुकली आणि ढोरवाटेने आठ मिनिटे भरकटणे झाले. मार्गाची फीत पाच मिनिटांत दिसली नाही तर शेवटच्या फितीपाशी परत यायचे, हे कागदावर लिहिलेच नव्हते. डाव्या करंगळीला फोड आला. जाड मोजे सहा तासांच्या सरावात चालले, पण ओढ्यात पाय भिजल्यानंतर ते वाळले नाहीत. ३७च्या पिशवीत कोरड्या मोज्यांचा जोड हवा होता, दोन मिनिटे जास्त लागली तरी.

शेवटच्या आठ किलोमीटरला ८२ मिनिटे हा आकडा मात्र थोडा बोलका आहे. ३८० मीटर चढ धरूनही त्या टप्प्यात सर वीसेक धावकांना ओलांडून गेले आणि शेवटी नाडी १५८ पर्यंत नेऊ शकले. म्हणजे बांधावरच्या सपाट ८ किलोमीटरमध्ये थोडा हात सोडायला जागा होती. तिसऱ्या खेपेच्या कागदावर त्या तुकड्यासमोर ७२ ऐवजी ६८ मिनिटे लिहिली आहेत. पहिल्या किल्ल्यासमोरची सूचना तीच आहे.